'पुन्हा येण्याची गरज नाही' असं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कर्करोग प्रतिबंधाचं धोरण ठरवणाऱ्या आरोग्य यंत्रणा,
तसेच बालरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ यांच्या संघटना

स. न. वि. वि.

हे लिहिताना माझ्यासमोर दोन कागद आहेत.

पहिला ३४ वर्षांपूर्वीचा. घडीवर फाटलेला, आईने मागून चिकटपट्टी लावून जपलेला. त्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं नाव, वय ४ वर्षं, आणि निळ्या शाईत लिहिलंय: ताप, पोटात मुरडा, ३ दिवस आव-रक्त. खाली दोन औषधं. एकाचं नाव लागतं, दुसरं आता पुसट झालंय. त्याखाली आठवड्यानंतरची तारीख आणि वेगळ्या शाईत एक ओळ: जुलाब थांबले, पुन्हा येण्याची गरज नाही.

दुसरा कागद गेल्या महिन्यातला, छापील. त्यावर तिच्या मुलीचं नाव आहे, वय ६ वर्षं. एक दिवसाचे जुलाब, उलटी, ताप. शौचात रक्त आहे का, हे विचारलं गेलं नाही. तपासणी झाली नाही. अँटिबायोटिकचं सिरप मात्र लिहून मिळालं. आणि तळाशी, संगणकानेच आपोआप छापलेली असावी, तशी तीच ओळ: पुन्हा येण्याची गरज नाही.

या दोन कागदांच्या मधल्या काळात माझी बहीण मोठी झाली, शिकली, आई झाली आणि वयाच्या ३५ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेली. तिची मुलगी आता माझ्याकडे असते. पोटाच्या संसर्गाकडे बघण्याची तुमची पद्धत तेव्हा होती तशीच आज आहे, हे तो दुसरा कागद हातात पडल्यावर मला समजलं, आणि म्हणून हे पत्र.

आधीच स्पष्ट करते. चौथ्या वर्षी झालेल्या त्या आवेमुळेच तिला कर्करोग झाला, असा माझा दावा नाही. तो कागद काहीही सिद्ध करत नाही. पण लहानपणी आतड्यात आणि जठरात शिरलेल्या काही जंतूंचा पुढे होणाऱ्या कर्करोगाशी, आणि तो रोखणाऱ्या जनुकांच्या बिघाडाशी संबंध दिसतोय, हे आज जगातल्या मोठ्या संशोधन संस्था सांगत आहेत. ते तुम्ही वाचलंय, माझ्याआधी वाचलंय. तरी केसपेपरवर, तपासणीच्या नियमांत, नोंदींच्या रजिस्टरमध्ये त्याचा मागमूस नाही. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

बहिणीचं काय झालं ते थोडक्यात सांगते. ३२ व्या वर्षी तिला शौचावाटे रक्त जायला लागलं. तीन वेगवेगळ्या ठिकाणी तिला मूळव्याध सांगितली गेली. या तिघांपैकी कुणीही बोट घालून गुदद्वाराची तपासणी केली नाही. दोन मिनिटांची तपासणी. हिमोग्लोबिन ७.८ वर आलं, तेव्हा लोहाच्या गोळ्या दिल्या. 'बायकांचं होतंच कमी,' हे वाक्य तिने मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं होतं. १४ महिने असे गेले. शेवटी दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा डाव्या बाजूला, गुदाशयाच्या जरा वर, आतडं जवळजवळ बंद करणारी गाठ होती आणि यकृतात ठिपके होते. ती ३३ वर्षांची होती.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी गाठीची जनुकीय तपासणी करवली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: एपीसी जनुकात, म्हणजे पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या एका जनुकात, बिघाड. मग रक्त तपासलं, हा बिघाड आईवडिलांकडून आलाय का ते पाहायला. नव्हता आला. म्हणजे जन्मताना तिच्या पेशींमध्ये एपीसी धड होतं, आणि नंतर कधीतरी, आतड्याच्या कुठल्यातरी एका पेशीत ते मोडलं. 'नंतर म्हणजे कधी?' असं तिने विचारलं. 'ते सांगता येत नाही, योगायोग समजा,' असं उत्तर मिळालं. त्या रात्री तिने मला विचारलं, 'ताई, मी काय केलं होतं गं?' न तंबाखू, न दारू, वजन आटोक्यात, घराण्यात कुणाला नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. तोपर्यंत तिला जाऊन काही वर्षं झाली होती. मी डॉक्टर नाही, पण तिच्या आजारपणात रिपोर्ट वाचायला शिकले होते, म्हणून तो निबंध दोन महिने घेऊन बसले. जिथे अडलं तिथे जाणकारांना विचारलं. त्यातून मला जे समजलं ते इथे मांडते, कारण हे पत्र तुमच्याबरोबर इतरही लोक वाचतील आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू असतात. बहुतेक निरुपद्रवी. त्यांतल्या काही जातींकडे मात्र जनुकांचा एक जादा तुकडा असतो आणि त्याच्या जोरावर ते कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. हा तुकडा २००६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांच्या हाती लागला. हे विष डीएनएच्या दोन्ही दोऱ्यांना एकमेकींशी जखडून टाकतं. पेशी तो गुंता सोडवायला जाते आणि सोडवताना चुकते. या चुका कुठेही होत नाहीत, डीएनएच्या ठराविक अक्षरजुळणीपाशीच होतात. डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेलं असतं; जिथे त्यांतलं थायमिन हे अक्षर ओळीने बरेचदा येतं, तिथे त्यातलं एखादं अक्षर गळून पडतं.

एक अक्षर गळलं तर काय बिघडतं? डीएनए तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचलं जातं. 'कमल नयन पवन सदन' यातला फक्त 'म' काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा: 'कलन यनप वनस दन'. एकच अक्षर गेलं, पण तिथून पुढची सगळी ओळ निरर्थक झाली. एपीसी जनुकात असं झालं की त्याच्यापासून बनणारं प्रथिन अर्धवट राहतं. हे प्रथिन म्हणजे आतड्याच्या पेशींचा ब्रेक. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, तिथल्या पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे तिथे ब्रेकची किंमत फार मोठी. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत हे एपीसी मोडलेलं सापडतं आणि बहुतेक वेळा मोडणाऱ्या गोष्टींत ते अगदी पहिल्यांपैकी असतं. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. एक लहानपणी मोडली, तर ती पेशी आणि तिची सगळी पिलावळ दुसरी मोडण्याची वाट बघत वर्षानुवर्षं राहू शकते. बाहेरून काहीच दिसत नाही. मूल खेळतं, शाळेत जातं, वजन वाढतं.

या विषाच्या चुका इतक्या ठराविक असतात की त्यांची खूण ओळखता येते. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माणसाच्या आतड्याच्या पेशींचे छोटे गोळे वाढवले, त्यांत हे जंतू पाच महिने पुन्हा पुन्हा सोडले आणि त्या पेशींच्या डीएनएत उमटलेली खूण मोजली. मग हीच खूण प्रत्यक्ष रुग्णांच्या गाठींमध्येही सापडली.

आता २०२५ चा निबंध. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातले लुडमिल अलेक्झांड्रोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ देशांतल्या रुग्णांच्या ९८१ गाठींचं संपूर्ण डीएनए वाचलं. ज्यांना चाळिशीच्या आत कर्करोग झाला होता त्यांच्यात कोलिबॅक्टिनची खूण सत्तरीनंतर कर्करोग झालेल्यांच्या तुलनेत ३.३ पट अधिक आढळली. ज्या गाठींत ती खूण आहे, त्यांतल्या एपीसीच्या काही बिघाडांचं मूळही याच विषाकडे जातं.

आणि हे घडलं कधी? झाडाचं खोड आधी येतं, फांद्या नंतर. गाठीतल्या सगळ्याच पेशींमध्ये एखादी खूण असेल तर ती खोडातली, म्हणजे फार जुनी. कोलिबॅक्टिनची खूण खोडात सापडते. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी निरोगी आतड्याच्या पेशींची अशीच वंशावळ मांडली होती, तेव्हाही हीच खूण आयुष्याच्या सुरुवातीच्या वर्षांत उमटल्याचं दिसलं होतं. म्हणजे वयाच्या पहिल्या दहाएक वर्षांत. अशा वयात एपीसीला पहिला धक्का बसला, तर जो आजार साठीत व्हायचा तो चाळिशीत येऊ शकतो, असं हे संशोधक म्हणतात.

गाठ दिसते तोवर ते जंतू तिथे असतीलच असं नाही. चोर कधीच पसार झालेला असतो, ठसे तेवढे राहतात. म्हणूनच ३३ व्या वर्षी माझ्या बहिणीचं शौच तपासून कुणाला काही कळलं नसतं. तिच्या गाठीत ही खूण होती का, हेही पाहिलं गेलं नाही. एपीसी मोडलंय एवढंच रिपोर्टने सांगितलं. कशाने मोडलं हे विचारण्याची सोय त्यात नव्हती.

या संशोधनाच्या मर्यादाही मला माहीत आहेत. ही खूण अनेक निरोगी माणसांतही सापडते आणि त्यातल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. हे जंतू आतड्यात बहुधा गुपचूप वस्ती करतात, त्यांच्यामुळे जुलाब व्हायलाच हवेत असं नाही. तेव्हा ज्या आई-वडिलांच्या मुलांना कधी जुलाब झाले असतील, त्यांनी हे वाचून रात्र जागून काढू नये. घाबरवणं हा या पत्राचा हेतू नाही. जागं राहण्याचं काम तुमचं आहे, त्यांचं नाही.

'अजून पुरावा पक्का व्हायचा आहे, घाई कशाला,' असं तुम्ही म्हणाल, म्हणून जठराची गोष्ट काढते. तिथला पुरावा कधीचाच पक्का झाला आहे.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग करतो हे निश्चित असलेल्या गोष्टींत. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच होतो, बरेचदा घरातल्याच कुणाकडून, आणि औषध दिलं नाही तर बहुधा जन्मभर राहतो. त्याच्या काही जाती स्वतःचं एक प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतात. त्याने होणारी सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते. त्या सुजेत पेशींमधलं एक विकर चाळवलं जातं आणि ते आपल्याच डीएनएत फेरफार करतं. कर्करोग रोखणाऱ्या जनुकांवर रासायनिक कुलपं पडतात, म्हणजे जनुक जागेवर असतं पण बंद. हे सगळं मुलाला कळत नाही, पालकांना कळत नाही. जळजळ झाली की आम्लपित्ताची गोळी मिळते.

२०२३ मध्ये जपानमधून आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने तर जनुक आणि जंतू यांचा हिशोबच मांडला. डीएनए दुरुस्त करणाऱ्या काही जनुकांत जन्मजात दोष असलेल्या माणसांना, ज्यांत स्तनाच्या कर्करोगामुळे सगळ्यांना माहीत झालेली बीआरसीए जनुकंही येतात, हा जंतू असेल तर ८५ व्या वर्षापर्यंत जठराचा कर्करोग होण्याचा धोका ४५.५ टक्के. जन्मजात दोष नाही पण जंतू आहे, त्यांच्यात १४.४ टक्के. जन्मजात दोष बदलता येत नाही. जंतू मात्र दोन आठवड्यांच्या औषधाने बहुतेकांतून घालवता येतो. यापेक्षा सरळ प्रतिबंध कर्करोगाच्या बाबतीत फार थोड्या ठिकाणी हाती असतो.

१९९४ ला तीसहून अधिक वर्षं झाली. जपानने २०१३ मध्ये या जंतूमुळे जठराला सूज असलेल्यांच्या उपचाराचा खर्च आरोग्य विम्यात घेतला. बाकी बहुतेक ठिकाणी काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. कोलिबॅक्टिनच्या बाबतीतही अशीच तीस वर्षं जाऊ देणार असाल, तर माझी भाची तोवर तिच्या आईच्या वयाची झालेली असेल.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

एक. तरुण माणसाच्या शौचात रक्त दिसलं की तपासल्याशिवाय मूळव्याध ठरवली जाते. वय हेच निदान मानलं जातं. पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढतोय हे तुमच्याच परिषदांमध्ये वर्षानुवर्षं मांडलं जातंय. अमेरिकेत २०२१ मध्ये सरसकट तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं गेलं ते यासाठीच. पण ४५ काय किंवा ५० काय, ३२ व्या वर्षी रक्त जाणाऱ्या बाईला हा आकडा लागूच होत नाही. तो आकडा लक्षणं नसलेल्यांसाठी आहे. लक्षणं असलेल्या माणसाला 'तुमचं वय नाही' म्हणून परत पाठवणं ही निव्वळ चूक आहे, आणि ती रोज होते. या तक्रारीपाशी मी जास्त थांबते, कारण बाकी सगळ्याला संशोधन लागेल, पैसा लागेल. याला फक्त एक हातमोजा आणि दोन मिनिटं लागतात. तिला पहिल्याच भेटीत ती दोन मिनिटं मिळाली असती, तर बोटाला कदाचित काही लागलंही नसतं, गाठ जरा वर होती. पण मूळव्याधच आहे असं ठामपणे लिहायलाही काही हाती लागलं नसतं. मग रक्त येतंय कुठून, हा प्रश्न निदान कुणाला तरी पडला असता.

दोन. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांना वाऱ्यावर सोडलं जातं. बहिणीचं निदान झालं तेव्हा मी ३८ वर्षांची होते. सख्ख्या नात्यात कमी वयात हा कर्करोग झाला, तर त्या वयाच्या १० वर्षं आधीपासून दुर्बिणीची तपासणी करावी, असं तुमचीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या हिशोबाने माझं तपासणीचं वय २३ ठरतं, ते कधीच उलटलं होतं, म्हणजे तिचं निदान होताच माझी तपासणी व्हायला हवी होती. मी स्वतः जाऊन मागितली तेव्हा मला 'काही त्रास नाही ना, मग पंचेचाळिशीनंतर या' असं सांगून परत पाठवलं. दुसरीकडे हट्टाने करून घेतली. दोन मांसांकुर निघाले. तपासणीत ते कर्करोगाच्या आधीच्या पायरीचे ठरले. तेव्हाच काढले, म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.

तीन. मुलांच्या साध्या जुलाबांना सर्रास अँटिबायोटिक दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षं सांगते आहे: जलसंजीवनी द्या, १० ते १४ दिवस झिंक द्या, अँटिबायोटिक रक्ताची हगवण किंवा कॉलरा अशा ठराविक कारणांसाठी राखून ठेवा. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. आतड्यातली जंतूंची वस्ती मात्र त्याने उलटीपालटी होते. ज्या वयात कोलिबॅक्टिनची खूण उमटते, नेमक्या त्याच वयात आपण ही वस्ती विनाकारण ढवळत बसतो. भाचीच्या कागदावरचं ते सिरप मी दिलं नाही. जलसंजीवनीवर ती दोन दिवसांत बरी झाली. पण प्रत्येक पालकाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शंका घ्यावी, ही व्यवस्था झाली का?

चार. नोंद कुठेच राहत नाही. लसीकरणाचं कार्ड जपलं जातं, त्यावर प्रत्येक डोसची तारीख असते. पण मुलाला रक्ताची हगवण झाली, दवाखान्यात दाखल करावं लागलं, पहिल्या पाच वर्षांत किती वेळा अँटिबायोटिक दिलं, यातली एकही गोष्ट त्या कार्डावर नाही. बहिणीच्या लहानपणीच्या केसपेपरची प्रत मागायला मी गेले होते. नियमाप्रमाणे नष्ट केल्याचं सांगितलं. आईने जपलेली ती एक चिठ्ठी सोडली, तर तिच्या पहिल्या दहा वर्षांबद्दल वैद्यकशास्त्राकडे एक अक्षर नाही. आणि आता शास्त्र सांगतंय की उत्तर कदाचित त्याच दहा वर्षांत आहे.

आता मागण्या.

पन्नाशीच्या आतल्या कुठल्याही रुग्णाने शौचातून रक्त जात असल्याचं सांगितलं, तर प्रत्यक्ष तपासणी केल्याशिवाय मूळव्याध असं निदान लिहायचं नाही, असा लेखी नियम करा. सोबत रक्त कमी झालं असेल किंवा त्रास काही आठवड्यांत थांबला नसेल, तर दुर्बिणीची तपासणी झालीच पाहिजे. लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं थांबवा.

कर्करोगाचं निदान ज्या दिवशी रुग्णाच्या हातात देता, त्याच दिवशी त्याच्या भावंडांसाठी आणि मुलांसाठी एक लेखी पत्र द्या: कुणी, कोणत्या वयापासून, कोणती तपासणी करायची. जठराच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या सज्ञान नातेवाइकांना हेलिकोबॅक्टरची तपासणी आणि लागेल तर उपचार मिळावेत. ही तपासणी श्वासावर किंवा शौचावरही होते, त्यासाठी दुर्बीण लागत नाही. लक्षणं नसलेल्या सगळ्या मुलांना सरसकट तपासा आणि औषधं द्या, असं मी मागत नाही. मुलांच्या तज्ज्ञांनी त्याविरुद्ध दिलेली कारणं, औषधांना न जुमानणारे जंतू आणि पुन्हा होणारा संसर्ग, मला पटतात.

मुलांच्या जुलाबांना अँटिबायोटिक लिहिताना कारण लिहिणं सक्तीचं करा. संघटनांनी आपल्या सभासदांच्या चिठ्ठ्यांची पाहणी करावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत, नावं न घेता चालेल.

लसीकरणाच्या कार्डाला एक पान जोडा. पोटाचे गंभीर संसर्ग आणि अँटिबायोटिकचे कोर्स, तारखेसह. एक पान पुरेल. आणि मुलांचे केसपेपर काही वर्षांनी नष्ट करणं थांबवा.

पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या रुग्णांच्या गाठींत कोलिबॅक्टिनची खूण आहे का हे पाहण्याची सोय संशोधनापुरती तरी मोठ्या केंद्रांत उभी करा, रुग्णाची संमती घेऊन. आमच्यासारखी घरं नाही म्हणणार नाहीत. माझ्या बहिणीच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा अजून प्रयोगशाळेत असेल तर माझ्या बाजूने संमती आहे, हे इथेच लिहून देते.

आणि जन्मापासून पुढे काही दशकं चालणारा अभ्यास सुरू करा, ज्यात मुलांच्या शौचाचे नमुने ठराविक वयात घेऊन साठवले जातील. हे जंतू कोणत्या मुलांत येतात, कधी येतात, किती वर्षं राहतात, कशाने जातात? अँटिबायोटिकने ते घटतात की मोकळ्या जागेत अधिक माजतात? याची उत्तरं म्हाताऱ्या माणसांच्या गाठी कापून मिळणार नाहीत. आज जन्मलेल्या मुलांचे नमुने आज साठवले, तरच मिळतील. या मागणीचा माझ्या घराला काही फायदा नाही, भाचीचं ते वय निघून चाललंय. तरीही ती माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे.

तुमच्यातले अनेक जण रात्रंदिवस राबतात हे मी दोन वर्षं दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिलंय. एका नर्सने बहिणीच्या शेवटच्या आठवड्यात ड्यूटी संपल्यावरही तिचे केस विंचरून दिले होते. ते मी विसरणार नाही. हे पत्र तिच्याविरुद्ध नाही, कुणा एका डॉक्टरविरुद्धही नाही. ज्या खोल्यांमध्ये नियम लिहिले जातात, तिथे ते पोहोचावं.

भाचीच्या लसीकरणाच्या कार्डाला मी घरीच एक वही शिवून जोडली आहे. पहिल्या पानावर गेल्या महिन्याची तारीख, जुलाब किती, ताप किती, रक्त नाही, कोणतं औषध दिलं, कोणतं दिलं नाही. तिच्या आईचा तो चिकटपट्टी लावलेला कागदही त्यात ठेवलाय, कारण उद्या कुणी तिला 'घराण्यात कुणाला होतं का' असं विचारलं, तर तिला नीट उत्तर देता आलं पाहिजे. ती चाळिशीला पोहोचेपर्यंत ही वही कुणीतरी सांभाळायला हवी. मी एकटी तेवढी पुरणार नाही.

लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
एका ६ वर्षांच्या मुलीची मावशी